झोळी पसरण्याआधी : जखमी ऊसतोड मजुराच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे उभे करताना

दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढताना पाय सटकतो, भरलेल्या ट्रॉलीवर बसून जाताना माणूस खाली येतो किंवा रात्रीच्या अंधारात ट्रॉलीच उलटते. मग गावातल्या एखाद्या शिक्षकाचा, किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याचा फोन वाजतो : मांडीचे हाड मोडले आहे, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दोन-अडीच लाख लागतील, काहीतरी करा. हा फोन ज्याला पहिल्यांदाच येतो, त्याच्यासाठी पुढील मजकूर आहे. मजूर विहिरीच्या कामावरचा, वीटभट्टीवरचा किंवा शेतातला असला, तरी यातील बहुतेक पायऱ्या त्याच राहतात.

खर्च अडीच लाख सांगितला म्हणजे अडीच लाख गोळा करायचे, असे गणित बहुतेक जण मांडतात आणि तेथेच चुकतात. मीही चुकलो होतो. पहिल्या वेळी मी रुग्णालयाने तोंडी सांगितलेला आकडा त्याच रात्री गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. दोन दिवसांत बरीच रक्कम जमली आणि तिसऱ्या दिवशी कळले की तीच शस्त्रक्रिया पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात सरकारी योजनेतून विनामूल्य झाली असती. तोपर्यंत अनामत भरून झाली होती आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहात गेला होता. देणगी मागणे ही शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या बिल कमी करण्याच्या आहेत.

पहिला दिवस : रुग्णालय कोणते

अपघात होताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कारखान्याच्या किंवा मुकादमाच्या जीपने जवळच्या कोणत्याही दवाखान्यात नेणे सोपे वाटते, पण पुढचा सगळा खर्च बहुधा याच निर्णयावर ठरतो. रक्तस्राव थांबवणे, पाय आधार देऊन बांधणे, सलाइन लावणे हे जवळच्या ठिकाणी व्हायलाच हवे. शस्त्रक्रियेसाठी मात्र रुग्ण कोठे न्यायचा, हे डॉक्टरांना विचारून आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करूनच ठरवावे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पूर्वी ती पिवळ्या व केशरी रेशनकार्डापुरती होती. आता राज्यातील सर्व रेशनकार्डधारक कुटुंबे तिच्यात येतात. मोडलेल्या हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया, त्यात बसवायचे रॉड व प्लेट धरून, योजनेच्या यादीत आहेत.

योजनेच्या टोल-फ्री १५५३८८ क्रमांकावर फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : जवळचे संलग्न रुग्णालय कोणते, तेथे अस्थिरोगाचे उपचार योजनेत आहेत का, आणि आज खाट आहे का. दुसरा प्रश्न अनेक जण विसरतात. रुग्णालय योजनेत असते, पण डोळ्यांसाठी किंवा मूत्रपिंडासाठी, हाडांसाठी नसते. काही उपचार तर फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. रुग्णालयात पोहोचल्यावर सर्वांत आधी गाठायची व्यक्ती म्हणजे आरोग्यमित्र, योजनेचा रुग्णालयातला प्रतिनिधी. त्याचा मदतकक्ष बहुधा प्रवेशद्वाराजवळ असतो. नोंद आणि पूर्वमंजुरी त्याच्यामार्फत होते, आणि तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मंजुरी घेण्याचीही सोय आहे. नोंद होण्याआधी रोख भरलेले पैसे परत मिळवणे फार कठीण जाते, म्हणून काउंटरवर पैसे मोजण्यापूर्वी आरोग्यमित्राला भेटलात की नाही, हे स्वतःला विचारावे.

ऊसतोडीची टोळी कर्नाटकात असेल तर आयुष्मान कार्ड उपयोगी पडते, कारण ते कार्ड इतर राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही चालते. त्याची चौकशी १४५५५ वर होते. अपघात रस्त्यावर वाहनाने झाला असेल, आणि ट्रॅक्टरही वाहनच आहे, तर केंद्राच्या २०२५ च्या योजनेप्रमाणे नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार मिळू शकतात. त्यासाठी पोलिसांत नोंद लागते.

याच दिवशी एक दबावही येतो. ट्रॅक्टरमालक किंवा मुकादम म्हणतो, "पोलिसात कशाला जाता, दवाखान्याचं मी बघतो." बघतो म्हणणारा दहा-वीस हजारांवर थांबतो आणि नोंद नसल्याने पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. अपघाताचा रुग्ण दाखल होताना रुग्णालय वैद्यकीय-कायदेशीर नोंद करते. तिला सगळे एमएलसी म्हणतात. तिचा क्रमांक लगेच लिहून घ्यावा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर रुग्णाच्या बायकोचा अंगठा कोणी मागितला, तर देऊ नये.

कागद गावात, माणूस पट्ट्यात

ऊसतोड मजुराची खरी अडचण येथे आहे. रुग्ण कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात आणि रेशनकार्ड बीड जिल्ह्यातल्या केज किंवा पाटोद्याच्या घरात, पत्र्याच्या पेटीत. म्हणून गावाकडचा एक आणि रुग्णालयातला एक अशी दोन माणसे पहिल्याच दिवशी नेमावीत. गावाकडच्या माणसाने रेशनकार्डाच्या सर्व पानांचे, रुग्णाच्या व त्याच्या जोडीदाराच्या आधारकार्डाचे आणि बँक पासबुकाचे स्वच्छ फोटो पाठवावेत आणि मूळ कार्ड मिळेल त्या एसटीने रवाना करावे. रेशनकार्डावर रुग्णाचे नाव आहे ना, आणि ते आधारवरील नावाशी जुळते ना, हे फोटो पाहताच तपासावे. लग्नानंतर सुनेचे नाव चढवलेले नसणे, हा प्रकार इतका सर्रास आढळतो की रुग्ण बाई असेल तर मी हेच पहिल्यांदा पाहतो. नाव नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत त्याच दिवशी अर्ज करावा आणि आरोग्यमित्राला तसे सांगून मुदत मागावी.

दुसरा कागद तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. जन आरोग्य योजनेसाठी तो लागत नाही, पण धर्मादाय रुग्णालय आणि मुख्यमंत्री सहायता निधी या दोन्हींसाठी लागतो, आणि मिळायला काही दिवस जातात. सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' संकेतस्थळावरून अर्ज होतो. योजनेतून सगळे भागेल असे वाटले तरी अर्ज करून ठेवावा.

पासबुक मागवण्याचे कारण वेगळे आहे. मे-जूनच्या नोंदींत २० रुपये वजा झालेले दिसले, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू असण्याची शक्यता असते. तिच्यातून उपचाराचा खर्च मिळत नाही. मात्र अपघाताने कायमचे अपंगत्व आले तर एक किंवा दोन लाख रुपये मिळू शकतात. घरच्यांना हे बहुधा माहीतच नसते, कारण खाते उघडताना बँकमित्राने अर्ज भरून घेतलेला असतो.

योजनेत न बसणारा खर्च

कधी रुग्णाला हलवणे धोक्याचे असते, कधी संलग्न रुग्णालयात खाट नसते, कधी लागणारा उपचार यादीत नसतो. अशा वेळी रुग्णालय धर्मादाय न्यासाचे आहे का, हे पाहावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना, कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. ही रुग्णालये आपल्या बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात आणि या रुग्णांचा खर्च त्यातून भागतो. तातडीच्या रुग्णाला अनामतीसाठी अडवता येत नाही. चकचकीत इमारत आणि पंचतारांकित दर पाहून हे रुग्णालय धर्मादाय असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही, पण शहरांतील कित्येक नामांकित रुग्णालये तशीच आहेत.

तेथे काउंटरवर वाद घालत बसू नये. वैद्यकीय समाजसेवकाचा कक्ष शोधावा आणि लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. 'निर्धन कोट्यातील खाट शिल्लक नाही' असे उत्तर मिळाले, तर तेही लेखी मागावे आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवावे. लेखी मागितल्यावर खाट निघते, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

मुख्यमंत्री सहायता निधीतून अपघाताच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मिळते, पण तिचे नियम आधी समजून घ्यावेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असावे लागते. रुग्णालय त्या निधीच्या यादीत असावे लागते. खासगी रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची प्रमाणित सही लागते, आणि अपघात असल्याने पोलीस नोंद किंवा एमएलसी जोडावी लागते. मदत रुग्णालयाच्या खात्यावर जाते. भरून झालेल्या बिलाची प्रतिपूर्ती होत नाही, म्हणून अर्ज रुग्ण दाखल असतानाच गेला पाहिजे. जो उपचार जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो, त्यासाठी येथे सहसा मंजुरी मिळत नाही. मंदिर न्यासांपैकी मुंबईचा सिद्धिविनायक न्यास गरजू रुग्णांना ठरावीक वैद्यकीय मदत देतो. रक्कम मोठी नसते, पण तूट भरून काढायला उपयोगी पडते.

मालकाला विसरू नये. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई देण्याची जबाबदारी १९२३ पासून कायद्याने मालकावर आहे. ऊसतोडीत मालक कोण, मुकादम की कारखाना, हा वाद वर्षानुवर्षे चालतो, पण त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. कारखान्याच्या शेतकी विभागाला अपघाताची माहिती लेखी द्यावी. ट्रॅक्टर किंवा ट्रॉलीमुळे अपघात झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा आणि वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. यातून पैसे उद्या येणार नाहीत. पुढच्या वर्षी मात्र तेच कुटुंबाला तारू शकतात.

तूट किती, हे कागदावर

आता खर्चाचे लेखी अंदाजपत्रक मागावे. ते रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आणि शस्त्रक्रिया, भूल, इम्प्लांट (शरीरात बसवायचे रॉड-प्लेट), खाट, औषधे, तपासण्या असे वेगळे करून दिलेले असावे. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांतील २०२१ च्या सुधारणेनुसार खासगी रुग्णालयाने प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे असतात, तेव्हा त्या फलकाशी आकडे ताडून पाहावेत. डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारावा : शस्त्रक्रिया एकच की अनेक? हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, तर जखम पुन्हा पुन्हा साफ करावी लागते, बाहेरून सळ्यांची चौकट बसवावी लागते आणि रॉड नंतर घातला जातो. पहिल्या अंदाजपत्रकात बहुधा पहिलाच टप्पा असतो.

समजा अंदाजपत्रक २ लाख ४० हजारांचे आहे, धर्मादाय सवलतीतून ते १ लाख ३० हजारांवर आले, मुख्यमंत्री निधीतून ५० हजार मंजूर झाले आणि नातेवाइकांनी २० हजार जमवले. तूट ६० हजारांची उरली. त्यात तीन महिन्यांचे ड्रेसिंग, फिजिओथेरपी, जाण्या-येण्याचा खर्च आणि घरातले धान्य धरून समजा ३० हजार मिळवावेत. लोकांकडे मागायची रक्कम ९० हजार. अडीच लाखांचे आवाहन वाचून शंभर रुपयांना काय किंमत, असे ज्याला वाटते, तोच माणूस ९० हजारांपैकी ५०० रुपये आपण देऊ शकतो, असा विचार करतो.

पैसा कोणाच्या खात्यात जाणार

शक्य तेथे देणगी थेट रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाचे नाव व दाखल क्रमांक नमूद करून भरायला सांगावी. हे मी आग्रहाने सांगतो, कारण त्यामुळे संशयाला जागा राहत नाही आणि आणखी दोन अडचणी टळतात. एक : पूर्ण केवायसी (ओळख व पत्त्याची पडताळणी) न झालेल्या छोट्या खात्यात वर्षभरात एक लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते, शिल्लक पन्नास हजारांच्या वर ठेवता येत नाही आणि महिन्याला दहा हजारच काढता येतात. मजुराचे जुने खाते असे असेल, तर पैसे जमूनही ऐन वेळी हाती येत नाहीत. दोन : नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांहून अधिक रक्कम व्यक्तीच्या खात्यात आली, तर आयकराच्या नियमांनुसार ती उत्पन्नात धरली जाऊ शकते. तुम्ही स्वतःच्या खात्यावर गोळा करत असाल, तर हा प्रश्न तुमच्यापुढे येईल.

औषधे व घरखर्चासाठी वेगळे खाते लागलेच, तर ते रुग्णाच्या जोडीदाराच्या नावे असलेले, पूर्ण केवायसीचे घ्यावे. क्यूआर कोड त्याच खात्याचा असावा. तो पाठवण्यापूर्वी स्वतः एक रुपया टाकून, समोर कोणाचे नाव येते ते पाहावे. आठवडी बाजारात डबा फिरवायचा किंवा जाहीर वर्गणी काढायची असेल, तर गणेश मंडळे धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क अन्वये जशी परवानगी घेतात, तशी आधी घ्यावी.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या ऑनलाइन देणगी गोळा करणाऱ्या मंचांचा उपयोग मोठ्या रकमेसाठी आणि ज्यांच्या मागे शहरी ओळखीपाळखी आहेत अशांसाठी होतो. गावच्या मजुराची मोहीम तेथे नुसती टाकून ठेवली, तर ती तशीच पडून राहते. पहिल्या दिवशी ओळखीच्या वीस-पंचवीस जणांनी पैसे टाकले, तरच अनोळखी माणूस थांबून वाचतो. मंचाची फी, पैसे वळते करण्याचा खर्च आणि देणगीदाराकडून मागितली जाणारी 'टिप' या अटी मोहीम सुरू करण्यापूर्वी वाचाव्यात.

परदेशातील मराठी मंडळींकडून मदत येणार असेल, तर एक भेद लक्षात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस, मग तो मूळचा साताऱ्याचा का असेना, परकीय देणगी विनियमन कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत असतो. तो रुग्णाचा नातेवाईक नसेल, तर त्याने त्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच मदत करावी.

आवाहन कसे लिहावे

आवाहन छोटे असावे आणि त्यातील प्रत्येक वाक्य पडताळता येण्याजोगे असावे. एक नमुना देतो :

"आमच्या गावचे ऊसतोड मजूर (नाव), वय ३८, यांच्या उजव्या मांडीचे हाड (तारीख) रोजी ट्रॉलीवरून पडून मोडले आहे. ते (रुग्णालय, शहर) येथे दाखल असून शस्त्रक्रिया (तारीख) रोजी आहे. एकूण खर्च २,४०,००० रुपये; सवलत, शासकीय मदत आणि नातेवाइकांची रक्कम वजा जाता ६०,००० रुपये शस्त्रक्रियेसाठी आणि ३०,००० रुपये पुढील तीन महिन्यांच्या उपचार व घरखर्चासाठी हवे आहेत. अंदाजपत्रक सोबत आहे. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरावेत. चौकशीसाठी (दोन नावे, दोन क्रमांक). रक्कम पूर्ण होताच याच ठिकाणी कळवू."

फोटोबाबत माझे मत ठाम आहे. उघड्या जखमेचा किंवा बेशुद्ध माणसाचा फोटो टाकू नये. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला, नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारून साधा चेहऱ्याचा फोटो घ्यावा. तो माणूस उद्या पुन्हा त्याच गावात, त्याच पारावर बसणार असतो, आणि कफल्लक, निराधार अशी विशेषणे त्याच्या मुलांच्या शाळेतही वाचली जातात. आधारकार्ड आणि पूर्ण रेशनकार्ड गटावर टाकू नये. मागणाऱ्या देणगीदाराला, क्रमांक झाकून, वेगळे दाखवावे.

संदेश पाठवून थांबू नये. पहिले फोन त्याच टोळीतल्या आणि गावातल्या लोकांना करावेत. दहा कोयत्यांनी (ऊस तोडणाऱ्या जोड्यांनी) प्रत्येकी पाचशे दिले, तर तेही पाच हजार होतात, आणि गावाने स्वतः दिले आहे हे बाहेरच्याला सांगता येते. मग शाळेचे माजी विद्यार्थी, पतसंस्था, कारखान्याचे संचालक. पैसे देऊ न शकणाऱ्याला रक्त देण्यास किंवा रात्री रुग्णाजवळ थांबण्यास सांगावे.

जमल्यानंतर

लक्ष्य पूर्ण होताच, त्याच तासाला, 'आता पैसे पाठवू नयेत' असे जाहीर करावे. जमा, खर्च आणि शिल्लक एका वहीत तारीखवार लिहावी, बिलांचे फोटो ठेवावेत आणि रुग्ण घरी गेल्यावर आठ दिवसांत हिशेब गटावर टाकावा. शिल्लक उरली तर ती कशासाठी वापरायची, हे आवाहनातच लिहिलेले बरे. मुकादमाची उचल फेडण्यासाठी ती वापरू नये. तो दबाव येतोच, आणि देणगीदारांनी पैसे त्यासाठी दिलेले नसतात.

डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा तपशील, इम्प्लांटचे स्टिकर, एक्स-रे आणि मूळ बिले जपून ठेवावीत. रुग्णालयाने कागद दिले नाहीत, तर लेखी अर्ज करावा; वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे अर्जानंतर ७२ तासांत प्रती मिळायला हव्यात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, विम्याचा अर्ज, न्यायाधिकरणातील दावा आणि पुढे कधी रॉड काढण्याची वेळ आली तर तीही शस्त्रक्रिया, या सर्वांना हेच कागद लागतात. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात ते पत्र्याच्या पेटीत टिकत नाहीत. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून एक संच कुटुंबाकडे द्यावा आणि दुसरा स्वतःजवळ ठेवावा, कारण पुढच्या दिवाळीत ते घर पुन्हा कुलूपबंद असण्याची शक्यता आहे.